अ‍ॅडलेडहून उलुरू: कॅम्परव्हॅनने जावे का, आणि रात्री मुक्काम कुठे करावा?

होटगीरोडकर:
नमस्कार. आम्ही सोलापूरचे असून मुलगा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असतो. येत्या डिसेंबरात मी, पत्नी आणि माझी आई त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून कॅम्परव्हॅन (झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन स्टुअर्ट हायवेने देशाच्या मध्यभागी असलेल्या उलुरू या प्रचंड खडकापर्यंत जायचे, वाटेत जिथे जागा आवडेल तिथे रात्री थांबायचे आणि आठवडाभरात परतायचे, असा मुलाचा बेत आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्यांना तिथल्या उन्हाची काय भीती, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला मात्र आईच्या वयामुळे काळजी वाटते. हा बेत कितपत योग्य आहे? स्वयंपाक, पाणी आणि मुक्काम यांचीही माहिती हवी आहे.

दक्षिणायन:
बेत सुंदर आहे, पण महिना आणि अंतर या दोन्ही बाबतींत तो बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर हा तिथला भर उन्हाळा असतो. पारा चाळिशी ओलांडतो, हे आपल्याला नवीन नाही. परंतु सोलापुरात उन्हाचा तडाखा बसला तर सावली, पाणी आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो, तसे तिथे नसते. वाटेतल्या ग्लेंडॅम्बो ते कुबर पेडी या गावांमधल्या सुमारे 250 किलोमीटरच्या टप्प्यात पेट्रोल पंपच नाही. म्हणजे सोलापूर सोडल्यावर थेट पुण्यालाच पंप भेटावा, असा हा प्रकार आहे.

अ‍ॅडलेड ते उलुरू एका बाजूचे अंतर सुमारे 1,600 किलोमीटर आहे आणि अंधारात गाडी चालवता येणार नाही, हे धरूनच हिशोब करावा. सूर्यास्ताच्या आणि पहाटेच्या सुमारास कांगारू रस्त्यावर येतात, कुंपण नसलेल्या भागात गुरेही येतात. भाड्याच्या अनेक करारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवण्यास मनाई असते, आणि ती मोडल्यास विम्याचे संरक्षण जाते. शिवाय या रस्त्यावर 53 मीटर लांबीपर्यंतच्या ‘रोड ट्रेन’ म्हणजे अनेक डबे जोडलेले मालट्रक धावतात. त्यांना ओलांडायला पुढे किती मोकळा रस्ता लागतो, याचा अंदाज आपल्या हायवेच्या सवयीने येत नाही.

माझे मत असे की, अ‍ॅडलेडहून अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या मध्य ऑस्ट्रेलियातल्या गावी विमानाने जावे आणि व्हॅन तिथे घ्यावी. तिथून उलुरू सुमारे 450 किलोमीटर आहे आणि संपूर्ण रस्ता डांबरी आहे. पुढे किंग्ज कॅन्यन ही खोल दरीही डांबरी रस्त्याने पाहता येते. मात्र तिथून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला परतण्याचा मेरीनी लूप हा जवळचा दिसणारा रस्ता बराचसा कच्चा आहे, तो भाड्याच्या साध्या व्हॅनसाठी नाही.

चूल_आणि_चाक:
मुक्कामाविषयी लिहितो. ‘आवडेल तिथे थांबू’ हे तिथे चालत नाही. हायवेलगतच्या ठरावीक विश्रांतीस्थळी रात्र काढता येते, पण त्यांपैकी अनेक ठिकाणी पाणी नसते. उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला परवानगीच नाही. त्यासाठी बाहेर युलारा येथील कॅम्पग्राउंडवर जागा आधी राखून ठेवावी लागते. आई बरोबर असल्याने विजेची जोडणी असलेलीच जागा घ्यावी. व्हॅनची केबल तिथल्या खांबाला लावली की उन्हाळ्यात एसी आणि थंडीत हीटर रात्रभर चालतो.

पिण्याचे पाणी माणशी रोज किमान पाच लिटर धरावे आणि ते व्हॅनच्या टाकीव्यतिरिक्त वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नये. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. लांबच्या पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी या प्रवासाला अगदी योग्य आहेत, कारण व्हॅनमधला गॅस वाचतो आणि त्या टिकतात. मात्र ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवेशाच्या अर्जात प्रत्येक खाद्यपदार्थ नमूद करावा. न सांगता नेल्यास मोठा दंड होतो. उलुरू ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीतून साउथ ऑस्ट्रेलिया या अ‍ॅडलेडच्या राज्यात परततानाही फळमाशीमुळे ताज्या फळांवर कडक निर्बंध आहेत, तेव्हा उरलेली फळे आधीच संपवावीत.

होटगीरोडकर:
दोघांचेही मनापासून आभार. डिसेंबर रद्द करून जुलैचा विचार करतो. आईला रात्रीची थंडी झेपेल का?

दक्षिणायन:
जुलैमध्ये दिवस प्रसन्न असतात, पण पहाटे पारा शून्याच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. त्यामुळे लोकरीचे कपडे, कानटोपी आणि जाड रजई हवीच. आईंचे अंथरूण खालच्या बर्थवर घाला. वरच्या बर्थची शिडी अरुंद आणि उभी असते. अंधार पडल्यावर लवकरच त्यांना शाल पांघरून थोडा वेळ बाहेर नक्की बसवा. आपल्याकडे दक्षिण क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू हा तारकासमूह तिथे उंचावर असतो आणि आकाशगंगेचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसतो. तारीख ठरवताना अमावास्येच्या जवळचे दिवस पाहावेत.