आजीचं जन्मसाल कसं ठरवायचं? (वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचीय)

पाठुंगळी:
नमस्कार मंडळी. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, मागच्या कार्तिकात गेली. आमचं गाव तासगाव तालुक्यात, तिचं माहेर सांगलीवाडी. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना द्यायला तिच्या आठवणींची पंधरावीस पानांची पुस्तिका काढायची असं आम्ही नातवंडांनी ठरवलंय आणि पहिल्याच ओळीला अडलोय. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९३५, म्हणजे कार्ड काढताना कुणीतरी अंदाजानं टाकलेली, गावातल्या तिच्या वयाच्या कितीतरी बायांची तारीख १ जानेवारीच आहे. शाळेचा दाखला नाही कारण ती शाळेत गेलीच नाही. ती स्वतः म्हणायची, "आयर्विन पूल झाला त्या सालची मी." सांगली आणि सांगलीवाडीच्या मधला, कृष्णेवरचा हा पूल १९२९ चा. सहा वर्षांचा फरक पडतो. गावात फ्लेक्स लागला त्यावर आधारचंच वय छापलं, ते बघून मला फार लागलं.

दुसरं म्हणजे लिहायचं काय. ती कुठल्या मंडळाची अध्यक्ष नव्हती, सत्काराचा एक फोटो नाही. पण गावातली बाई अडली की मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात सोबत जाणारी हीच, चिठ्ठी कुठं काढायची, रात्री कुठं अंथरूण टाकायचं सगळं पाठ. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बायकांची तान्ही पोरं तिनं बाभळीला झोळ्या बांधून सांभाळली, तिथं मिळायची ती सुकडी पाण्यात कालवून भरवायची असं आत्या सांगते. आणि २००५ ला, परत २०१९ ला सांगलीत पूर आला तेव्हा गावातनं भाकरी गोळा करायचं काम तिच्याकडं. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलतं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे विचार करा. ही नव्वदीची बाई, डोळ्याला धड दिसत नव्हतं, देवळाच्या पायरीवर बसून एकेक भाकरी हातानं चाचपायची आणि गरम लागली की बाजूला काढायची. "वाफ धरली की उद्याच्याला बुरशी येती, पाण्यात अडकलेल्या माणसानं ती टाकायची कुठं?" चपात्या घ्यायचीच नाही. शाळूची भाकरी, तीपण जरा कडक भाजलेली, संगं शेंगदाण्याची चटणी, कोरडी.

हे लिहायला बसलं की पेपरातल्या श्रद्धांजलीसारखं होतंय, प्रेमळ, कष्टाळू, परोपकारी. कुणी घरच्या माणसावर असं काही लिहिलंय का?

जुनी_कागदपत्रं:
आधी कोतवाल बुक बघा, गाव नमुना १४, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. सांगलीवाडीसाठी मिरज तहसीलच्या रेकॉर्डरूमला अर्ज टाका, पण तो भाग तेव्हा सांगली संस्थानात होता त्यामुळं दप्तर दुसरीकडं असू शकतं, एका फेरीत काम होईल असं धरू नका. बरंच लिखाण मोडीत असतं, वाचणारा माणूस संगं न्या. आणि आजीच्या नावानं शोधू नका, आमच्या आजोबांची नोंद सापडली तेव्हा तिथं नावच नव्हतं, नुसतं "अमक्यास मुलगा", म्हणजे तुम्हाला पणजोबांचं नाव आणि आजीची भावंडं किती, कुणाच्या पाठीवर कोण, एवढं लागणार.

एक विचारू का. पूल झाला म्हणजे नेमकं काय म्हणायची? एवढा मोठा दगडी पूल एका वर्षात होत नाही. काम चालू असताना झाली की पूल सुरू झाला तेव्हा झाली? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, लवकर विचारा.

वाळव्याची_सून:
लग्नाचं विचारा! बायका जन्म विसरतात पण लग्न विसरत नाहीत. माझ्या आजेसासूचं वय आम्ही तसंच काढलं, त्यांचं लग्न पत्री सरकारच्या काळातलं, गांधी लग्न, सुताचे हार, ना हुंडा ना जेवणावळी. नाना पाटलांचं प्रतिसरकार साधारण १९४३ ते ४६, म्हणजे ती तीनचार वर्षं पक्की धरता येतात. तुमचा तालुका त्याच पट्ट्यातला आहे, आजीचं लग्न कसं लागलं कुणाला माहितीय का?

आणि प्रेमळ कष्टाळू सगळं काढून टाका हो, गरम भाकरी बाजूला काढली ते लिहा. मला तेवढ्यातच दिसल्या त्या.

गावभाग_सांगली:
कालपासून तीनदा वाचलं हे. २०१९ ला आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आम्ही पाच दिवस एका शाळेत होतो, माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. बिस्किटाचे पुडे भरपूर यायचे पण पोरगी तिसऱ्या दिवशी बिस्किट बघून रडायला लागली. त्या दिवशी संध्याकाळी पोत्यातनं भाकरी आल्या, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, कडक, वर चटणीची पुडी. कुठल्या गावच्या ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीपण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरल्या आणि चांगल्या होत्या. त्या तुमच्या गावच्या होत्या असं मी म्हणू शकत नाही, कितीतरी गावांनी पाठवल्या. पण भाकरी गार करून बांधायची असते हे मला आज कळलं, त्या टिकल्या कशा ते आज कळलं. पुस्तिका झाली की मला एक पाठवा, टपालखर्च देईन.

पाठुंगळी:
सगळ्यांचे खूप आभार. गावभाग, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, उठून चुलीपाशी गेली. धोतराचं फडकं आमच्याकडनंपण जायचं, आजोबांची जुनी धोतरं आजीनं त्यासाठीच ठेवलेली.

काल आत्याकडं कुपवाडला जाऊन आलो. लग्न गांधी लग्नच! सुताचा हार, आणि पाहुण्यांना गूळपाणी. आजी तेव्हा "पंधरा सोळाची" असं आत्या म्हणते. आणि पुलाचं विचारलं तर आत्या लगेच म्हणाली, आजीला तिच्या आईनं सांगितलेलं, नव्या पुलावरनं पहिल्यांदा सांगलीत गेलो तेव्हा तू माझ्या पाठुंगळीला होतीस. म्हणजे पूल सुरू झाला तेव्हा जन्मलेली होती, कदाचित १९२८ चीच. १९३५ तर नक्की नाही. नोंद मिळेतोवर पहिली ओळ हीच ठेवतोय, पाठुंगळीची.

तहसीलला सोमवारी जातोय. मोडी वाचणारं कुणी सांगली मिरजेत असेल तर कळवा, आणि २००५ किंवा २०१९ ला तासगावकडनं आलेल्या भाकरीच्या टेंपोचा फोटो कुणाकडं असेल तर तोपण. आजी टेंपोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेली असेल, हिरवं लुगडं, मांडीवर चटणीचा डबा.