आजारी लेकरू, उशाशी आपण आणि समोर पिक्चर: अनुभव धागा

लहान मूल आजारी पडलं की औषधाच्या वेळा, पाजायचं पाणी, मोजायचा ताप आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी लावलेला पिक्चर, असे दिवस जातात. मुलाला गप्प बसवायला पिक्चर लावतात असं आपण सहज म्हणतो. नीट वापरला तर तो शुश्रूषेच्या कामीही येतो, आणि त्यासाठीच हा धागा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं दुखणं घरी काढताना हाताला बसलेल्या गोष्टी लिहा. मापं, वेळा, कुठे चुकतं आणि का चुकतं, हे जरूर येऊ द्या.

एक मर्यादा आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा सल्ला असा आहे की दोन वर्षांखालच्या बाळांना पडदा नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास. आजारपणाच्या दोन-तीन दिवसांत मोठ्या मुलाचा हा तास लांबला तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. बरं वाटलं की मात्र पुन्हा जुन्या वेळेवर यायचं.

दोन मुलांची आई

ताप चढत असताना पिक्चर लावू नका. तेव्हा हुडहुडी भरलेली असते, अंग मोडून आलेलं असतं, आणि आवाज-उजेडाने किरकिर वाढते. पॅरासिटामॉलचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढा वेळ मांडी, मंद उजेड आणि सैल कपडे पुरतात. मूल जरा हुशारलं की पिक्चर.

उलट्या-जुलाबांत पिक्चरचा खरा उपयोग ओआरएस पाजायला होतो. सुईशिवायची सिरिंज घ्या, टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि दर दीड मिनिटाला ५ मिली सोडा. अर्ध्या तासात १०० मिली पोटात जातं आणि मुलाची नजर पडद्यावरून हलतही नाही. तेच १०० मिली पेल्याने एका दमात पाजलं तर पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झालीच तर १० मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. "एवढं प्यायलास तरच पिक्चर" अशी अट कधीही घालू नका. मूल घाईने गिळतं आणि उलटी ठरलेली.

निवृत्त फार्मासिस्ट

वर ओआरएसचा विषय निघालाच आहे, म्हणून आधी त्याचं. एका लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळायचं. अंदाजाने थोडी पूड पेलाभर पाण्यात घातली की द्रावण खारट होतं आणि रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. पाणी जास्त झालं तर क्षार कमी पडतात. वरून साखर घातली तर जुलाब वाढतात, कारण जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते. २०० मिलीचं छोटं पाकीट मिळालं तर तेच घ्या, वाया कमी जातं. केलेलं द्रावण २४ तासांनी टाकून द्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यापुढच्या मुलांना १०० ते २०० मिली. जोडीला झिंक: सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मधेच बंद करायचं नाही.

आता तापाचं औषध. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. साधारण किलोला १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ तासांचं, शक्यतो ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. दहा किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ लागतं. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्या सिरपचं ते ३ मिली होतं, ५ मिलीत १२० मिग्रॅवाल्याचं सव्वासहा मिली. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं, म्हणजे फक्त दीड मिली. घोटाळा इथेच होतो. सिरपच्या सवयीने थेंबांचं औषध ६ मिली पाजलं तर डोस चौपट होतो आणि यकृतावर बेततं. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. चहाचा चमचा मापाला वापरू नका, प्रत्येक चमचा वेगळा असतो. सर्दीच्या मिश्र औषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही दिली की नकळत डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन मुलांना स्वतःच्या मनाने कधीच नाही. चार वर्षांखाली दुकानातून थेट खोकल्याचं औषधही नको.

औषधानंतर अर्ध्या तासाने उलटी झाली तर डोस पुन्हा देऊ नका. त्याआधीच झाली तर डॉक्टरांना फोनवर विचारा.

मुलांच्या वॉर्डातली नर्स

पिक्चर बघणारं मूल शांत असतं, आणि श्वास मोजायला शांत मूलच लागतं. सदरा वर करा, पोट-छाती दिसू द्या आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. हसण्याचा किंवा धावपळीचा प्रसंग चालू असेल तर तो संपू द्या. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

नेब्युलायझरला (औषधाचा फवारा करून मास्कमधून श्वासावाटे देणारं यंत्र) ८ ते १० मिनिटं लागतात. मूल रडलं तर औषध छातीत फार कमी पोहोचतं. मास्क चेहऱ्यापासून दोन बोटं लांब धरला तरी बरंचसं हवेतच जातं. मुलाला मांडीवर ताठ बसवा, मास्क नाका-तोंडाला टेकवा आणि पिक्चर सुरू करा. यंत्राच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून कमी बोलण्याचा, हालचालींवर चालणारा भाग निवडा. आवाज वाढवत नेऊ नका. स्टेरॉइड असेल तर नंतर चेहरा पुसा आणि तोंड धुवा किंवा पाणी पाजा. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) वापरत असाल तर एका वेळी एकच पफ, म्हणजे इनहेलरची एकच दाब, त्यावर ५ ते १० श्वास, आणि पुढच्या पफआधी इनहेलर पुन्हा हलवायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ताप उतरल्यावरही मूल आवडीच्या पिक्चरकडे वळून बघत नसेल, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटत असेल, तर ती नुसती झोप समजू नका. ६ ते ८ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, मान ताठ आहे किंवा दाबल्यावर न पुसटणारे डाग अंगावर आहेत, तर लगेच निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप असेल तर बाकी काही लक्षण नसलं तरी लगेच.

पिक्चरवेडा बाबा

आजारी मुलाला नवा पिक्चर नको, पाहिलेलाच हवा. पुढे काय होणार हे माहीत असतं, भीती वाटत नाही आणि मधेच डोळा लागला तरी काही हुकत नाही. तासाभराहून मोठा असेल तर दोन-तीन तुकडे करा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर झोपेला आलेलं मूल झोपत नाही.

मळमळत असेल तर मोबाइल जवळ धरू नका. हलतं चित्र डोळ्यांसमोर आलं की मळमळ वाढते. लांबचा टीव्ही आणि संथ दृश्यं चालतात. खोलीत दिवा असू द्या. कान दुखत असेल तर इअरफोन नाहीच, आणि डोकं थोडं उंचावर ठेवा, सपाट झोपल्यावर कानाचा ठणका वाढतो. डोक्याला मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस पडदा जवळपास बंदच ठेवलेला बरा.

रात्री घसा घोगरा होऊन कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला येतो, त्यात रडण्याने श्वासनलिका आणखी आवळते. ताठ बसवून ओळखीचं गाणं किंवा पिक्चर लावून शांत ठेवा. शांत बसल्यावरही आत श्वास घेताना घर्रर आवाज येत असेल तर तोच मोबाइल हातात देऊन दवाखान्यात न्या.

रात्र जागणारी आई

आपल्या स्वतःच्या पिक्चरबद्दल कुणीच लिहिलं नाही. मूल झोपल्यावर आपल्यालाही दोन घटका हव्यातच, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. एकाच कानात इअरफोन, आवाज कमी, सबटायटल चालू. दुसऱ्या कानाने श्वास आणि खोकला ऐकू यायला हवा. रहस्यपट नको, दर दहा मिनिटांनी उठावं लागलं की धागा तुटतो. वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेला किंवा गाण्यांचा पिक्चर बरा. दिवसा डाउनलोड करून ठेवा आणि कुठल्या मिनिटाला थांबलात ते औषधाच्या वहीतच लिहा.

तान्ह्या बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर पिक्चर बघू नका. थकव्याने डोळा लागतो आणि बाळ गुदमरू शकतं. बाळ त्याच्या सपाट अंथरुणात, पाठीवर. तापाचं मूल शांत झोपलं असेल तर फक्त डोससाठी उठवायची गरज नाही. अलार्म मूल तपासण्यासाठी लावा.

जुळ्यांचा बाबा

रिमोट! उलट्या-जुलाबांचा संसर्ग घरभर फिरतो त्यात रिमोट आणि मोबाइलचा मोठा हात असतो. रिमोट पारदर्शक पिशवीत घाला, बटणं बाहेरून दाबता येतात, आणि पिशवी रोज बदला. हात साबणाने २० सेकंद धुवा, उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही. दोन्ही मुलांना एकच पिक्चर दाखवायचा असेल तर वेगवेगळ्या गाद्यांवर बसवा, आणि ज्याचा त्याचा पेला, ज्याची त्याची सिरिंज. सिरिंजवर मुलाच्या नावाची पट्टी आधीच चिकटवून ठेवा.