एकाच रोलवर १६०० आणि ४००: डेव्हलपिंगचा वेळ कोणता धरावा?

प्रश्न:
इल्फर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मच्या ३५ मिमी रोलचा पहिला अर्धा भाग प्रकाश मोजणारा मीटर १६०० वर असताना घेतला गेला असून उरलेला भाग फिल्मच्या मूळ ४०० या वेगाला (प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेला) घेतला आहे. आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) पातळ न करता २० अंश सेल्सियसला वापरायचा आहे. तक्त्यात ४०० साठी साडेसात आणि १६०० साठी १४ मिनिटे दिलेली आहेत. मधला वेळ धरल्यास दोन्ही भाग वाचतील का?

उत्तर १:
८०० साठी दिलेली साडेदहा मिनिटे धरावीत. १६०० वरच्या चित्रांना हवा त्याच्या एक चतुर्थांशच प्रकाश मिळालेला आहे, आणि गडद सावल्यांमध्ये जिथे त्याची नोंदच झालेली नाही, तिथे फिल्म डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवली तरी तपशील उमटणार नाही. वाढीव वेळाने मुख्यतः मधले आणि उजळ भाग निगेटिव्हवर दाट, म्हणजे अधिक काळे, होतात. ४०० चा भाग थोडा दाट झाला, तरी प्रिंट करताना तो सावरता येतो.

प्रश्नकर्ता:
पहिला भाग खोलीतल्या मंद, सपाट उजेडातला आहे आणि दुसरा भर उन्हातला. दोन्ही तितकेच महत्त्वाचे आहेत.

उत्तर २:
तसे असेल तर मधला वेळ मुळीच धरू नये. उन्हातल्या चित्रांत कॉन्ट्रास्ट आधीच जास्त असतो, त्यांना साडेदहा मिनिटे दिली तर आकाश आणि पांढरे कपडे विनाकारण दाट होतील. सपाट उजेडातल्या चित्रांना मात्र पूर्ण १४ मिनिटांची गरज आहे. रोल कापून दोन्ही भाग वेगळे धुवावेत. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात रोल कॅसेटमध्ये परत गुंडाळल्यावर पहिली चित्रे लीडरच्या, म्हणजे फिल्मच्या सुरुवातीच्या मोकळ्या टोकाच्या, बाजूला येतात. एका चित्राला मधल्या फटीसह ३८ मिमी लागतात, पण नुसत्या हिशेबापेक्षा त्याच कॅमेऱ्यातला, धुतलेला पण न कापलेला जुना रोल मापाला घेणे अधिक खात्रीचे. कापाच्या जागी एखाददुसरे चित्र जाऊ शकते, तेव्हा ती जागा विचारपूर्वक ठरवावी. ही फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळे लाल दिवाही चालणार नाही; सगळे काम पूर्ण अंधारातच करावे लागेल.

उत्तर ३:
कापण्याच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. पहिल्या भागासाठी मायक्रोफेन हा दुसरा डेव्हलपर मिळाला तर तोच घ्यावा, कारण त्यात सावल्यांना किंचित अधिक न्याय मिळतो. पातळ न करता १६०० साठी २० अंशांना ११ मिनिटे पुरतात.