नवले पुलाजवळ अपघात, आईचं खुब्याचं हाड मोडलं: ‘नो फॉल्ट’चे अडीच लाख घ्यावेत का?

सिंहगडरोडकर

गेल्या महिन्यात नवले पुलाजवळ दाजींची कार आणि एक मालवाहू टेम्पो यांची धडक झाली. चूक कुणाची यावर घोळ आहे. टेम्पोवाला म्हणतो कारने अचानक लेन बदलली, दाजी म्हणतात टेम्पोने मागून ठोकलं. गुन्हा टेम्पोचालकावर दाखल आहे, पण पोलिसांनी दाजींचा जबाब पुन्हा घेतलाय. टेम्पोचा नंबर आहे आणि त्याचा विमा चालू आहे.

आई (वय ५८) मागच्या सीटवर होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड टाकला. बिल २,८०,००० झालं, त्यातले २,००,००० मेडिक्लेमने दिले. ती घरून डबे देते, खर्च वजा जाता महिन्याला १५,००० सुटतात. दाजींचं मनगट फ्रॅक्चर आहे. कार दाजींच्याच नावावर, पॉलिसी पॅकेज (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी).

टेम्पोच्या विमा कंपनीतर्फे एक जण घरी येऊन गेला. म्हणाला, “नो फॉल्टमध्ये आईंना अडीच लाख मिळतील, कोर्टकचेरी नको, सही करा.” मिशिगनमधला चुलतभाऊ सांगतो की नो फॉल्ट म्हणजे आपलीच कंपनी आपलं बिल भरते. नेमकं काय? सही करावी का? आणि दाजींना काही मिळेल का?

नारायणपेठी

नो फॉल्टची रक्कम आधी पदरात पाडून घ्या. ती अंतरिम असते. मुख्य दावा चालूच राहतो, शेवटी निकालाच्या रकमेतून ती वजा होते. हातचं सोडू नका.

शिवाजीनगर_कोर्ट

वरचा सल्ला जुन्या कलम १४० चा आहे. तेव्हा मृत्यूला ५०,००० आणि कायमच्या अपंगत्वाला २५,००० मिळत, आणि ती खरंच अंतरिम मदत होती. १ एप्रिल २०२२ पासून ते कलमच राहिलेलं नाही. आता मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ लागू आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण ही रक्कम अंतरिम नाही. चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा दावा कलम १६६ खाली होतो, आणि त्याच्या परंतुकात स्पष्ट आहे की कलम १४९ च्या पद्धतीने (विमा कंपनीशी तडजोड करून) १६४ ची भरपाई स्वीकारली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा तुमचा दावा संपतो. म्हणून आईंची सही आत्ता अजिबात नको.

आईंना नो फॉल्टची गरजच नाही, हे आधी लक्षात घ्या. त्या प्रवासी होत्या, स्टिअरिंग त्यांच्या हातात नव्हतं. चूक टेम्पोची असो, दाजींची असो की दोघांची, त्यांची नाहीच. दोन वाहनांच्या संयुक्त निष्काळजीपणात तिसरा माणूस जखमी झाला तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेनेई प्रकरणात सांगितलंय. दोघांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं ते बघतील. त्यामुळे कलम १६६ खालच्या दाव्यात टेम्पोचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांच्यासोबत दाजी आणि त्यांची विमा कंपनी यांनाही पक्षकार करा. पॅकेज पॉलिसीत खासगी कारमधले प्रवासी कव्हर असतात म्हणून हे जमतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असती तर कारच्या कंपनीने हात वर केले असते. घरच्या माणसाला पक्षकार करणं जिवावर येतं, कळतं. पण पैसे दाजींच्या खिशातून नाही, कंपनीकडून यायचे आहेत.

आता हिशेब. समजा दाव्यात कमाईवर परिणाम करणारं अपंगत्व २० टक्के धरलं गेलं. वर्षाची कमाई १,८०,०००, त्याचे २० टक्के ३६,०००. ५६ ते ६० वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) ९, म्हणजे ३,२४,०००. त्यात २,८०,००० उपचारखर्च मिळवला की ६,०४,०००. वेदना, सोबतीला ठेवलेली बाई, रिक्षाभाडं, विशेष आहार, डबे बंद राहिले त्या महिन्यांची कमाई, आणि व्याज हे सगळं याच्या वर. २० टक्के हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तो १० निघाला तरी अडीच लाखांच्या बराच पुढे जातो.

दाजींचं नेमकं उलटं आहे. १६६ मध्ये गेले तर टेम्पोची कंपनी ‘अर्धी चूक तुमची’ म्हणणार आणि तेवढी रक्कम कापली जाणार. चूक पूर्ण त्यांच्यावर आली तर हाती शून्य. मनगटाच्या फ्रॅक्चरला १६६ मध्येही फार मोठी रक्कम होईल असं नाही. त्यांनी टेम्पोच्या कंपनीकडे १६४ खाली अडीच लाख मागावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं ही गंभीर दुखापतच आहे. कंपनी त्यांच्या चुकीचा मुद्दा काढेलच. जुन्या कलम १६३ ए (तेही चूक सिद्ध न करता भरपाई देणारं) बाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा बचाव घेता येत नाही असं म्हटलं आहे, तोच आधार घ्यायचा. स्वतःच्या कारच्या कंपनीकडे मात्र १६४ ची मागणी करू नका. मालक हा आपल्याच पॉलिसीत तिसरा पक्ष होत नाही, अर्ज फेटाळला जाईल.

तुमच्या भावाचंही बरोबर आहे, पण ते तिकडचं. मिशिगनमध्ये जखमीचा दवाखाना त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतल्या पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शनमधून भागतो. आपल्याकडचं १६४ हे समोरच्या वाहनाच्या मालकावरचं दायित्व आहे. नाव एकच असल्यामुळे गफलत होते.

क्लेम_फाइल

कायदा वर आला, मी कागदांचं सांगतो. दावे बहुतेक तिथेच अडकतात.

कॅज्युअल्टीचा पहिला कागद आजच काढा आणि ‘हिस्टरी’ची ओळ वाचा. घाईत तिथे ‘कार डिव्हायडरला धडकून’ असं लिहिलं गेलं असेल तर टेम्पोची कंपनी पुढे तेवढीच ओळ दाखवत राहील. तिथे रस्ता अपघात, तारीख, वेळ आणि दुसरं वाहन यांचा उल्लेख हवा. नसेल तर पोलिसांकडच्या पुरवणी जबाबात तो आणून घ्या. रुग्णालयाचा मूळ कागद स्वतः खाडाखोड करून ‘सुधारू’ नका, संपूर्ण दावा संशयात जातो.

दुसरी जागा म्हणजे दुखापत प्रमाणपत्रातला ‘साधी / गंभीर’ हा रकाना. एक्स-रेच्या आधी प्रमाणपत्र लिहिलं की सूज बघून ‘साधी’ पडते. दाजींचं सगळं या एका शब्दावर आहे, कारण १६४ फक्त गंभीर दुखापतीला आहे. एक्स-रे रिपोर्ट जोडून तपास अधिकाऱ्यामार्फत रुग्णालयाचं अंतिम मत मागवा. फिल्म जपून ठेवा, नुसत्या मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही.

बाकी फाइलमध्ये: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांचं आरसी आणि पॉलिसी, दोन्ही चालकांची लायसन्स, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, आईंचं आधार, पॅन, पासबुक. टेम्पोचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का हे एमपरिवहनवर नंबर टाकून बघा. आज चालू दिसतोय म्हणजे त्या दिवशी होताच असं नाही, पॉलिसीची सुरुवातीची तारीख पाहा.

डब्यांची कमाई दाखवायची तयारीही आत्ताच करा. गिऱ्हाइकांचे यूपीआयचे पैसे आईंच्या खात्यात येत असतील तर वर्षभराचं स्टेटमेंट काढा. वही असेल तर ती, आणि दोन-तीन नियमित गिऱ्हाइकं साक्षीला तयार आहेत का ते विचारा. कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज बऱ्याचदा कमी असतो.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईची सही थांबवली. तीन गोष्टी राहिल्या. मेडिक्लेमचे दोन लाख दाव्यातून कापतील का? अपंगत्वाचा दाखला कधी काढायचा? दाजींच्या पॉलिसीत १५ लाखांचं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर आहे, त्यातून मनगटाचा खर्च निघेल का?

शिवाजीनगर_कोर्ट

मेडिक्लेमची रक्कम कापायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निर्णय आहे. तुम्ही हप्ता भरून घेतलेला तो वेगळा करार आहे, म्हणून पूर्ण २,८०,००० मागा. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील, तर रुग्णालयाकडून शिक्क्याच्या प्रती आणि मेडिक्लेमचं सेटलमेंट लेटर घेऊन ठेवा.

पीए कव्हर मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे: हात, पाय, डोळा गमावणं अशा टोकाच्या गोष्टींसाठी. मनगटाचं प्लास्टर त्यात बसत नाही.

दाखल्याची घाई करू नका. हाड जुळून फिजिओथेरपी संपल्यावर, चालण्यात काय उणीव राहिली हे कळतं तेव्हा तो काढा. औंधच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून चालेल, मात्र डॉक्टर साक्षीला येणार हे आधी विचारून घ्या, नाहीतर दाखल्याला वजन राहत नाही. टक्केवारी पायाची आहे की पूर्ण शरीराची हेही त्यावर लिहून घ्या. डबे करायला तासन्‌तास उभं राहणं जमत नाही, हे आईंच्या साक्षीत आलं पाहिजे. न्यायाधिकरण कमाईवरचा परिणाम बघतं, नुसता पायाचा आकडा नाही.

पण दाखल्यासाठी दावा थांबवू नका. कलम १६६(३) मध्ये अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि तो अहवालच अर्ज मानता येतो, तरी त्यावर विसंबू नका. आपला अर्ज शिवाजीनगरला दाखल करा, दाखला नंतर जोडता येतो.

क्लेम_फाइल

एक भर. तो माणूस परत आला तर कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याच्या सहीचा लेखी प्रस्ताव मागा, कोणत्या कलमाखाली आणि किती, हे नमूद असलेला. कलम १४९ प्रमाणे मान्य झालेली तडजोड न्यायाधिकरणापुढे नोंदवावी लागते, आणि नोंदीनंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. घरी बसून डिस्चार्ज व्हाउचरवर (हिशेब पूर्ण मिटल्याच्या पावतीवर) घेतलेली सही ही ती पद्धत नाही. दाजींचा अर्ज आईंच्या अर्जापासून वेगळा ठेवा, दोन्ही एकाच कागदावर आणले की कंपनी दोघांची मिळून एक रक्कम सुचवते.