प्रो कन्सोल घेतला तरी शहरात शिरलं की फ्रेम पडतेच, ती का?

फ्रेममोज्या (धागाकर्ता)

प्लेस्टेशन ५ प्रो, म्हणजे सोनीच्या पीएस५ कन्सोलची वरच्या दर्जाची आवृत्ती, नोव्हेंबर २०२४मध्ये आला. चर्चा सगळी चित्र किती सुबक दिसतं याचीच. माझं म्हणणं असं की खर्च चुकीच्या ठिकाणी झालाय. नव्या गेमचं दुखणं बऱ्याचदा प्रोसेसरमध्ये आहे आणि मलम लावलंय ग्राफिक्स चिपला.

आकडे बघा. साध्या पीएस५मध्ये ३६ कम्प्यूट युनिट्स (ग्राफिक्स चिपमधले हिशेब करणारे विभाग), प्रोमध्ये ६०. मेमरी २८ टक्के वेगवान. सोनीच्या सांगण्यानुसार रेंडरिंग (चित्र रंगवणं) सुमारे ४५ टक्के जलद. आणि प्रोसेसर? तोच २०२०चा, एएमडीच्या झेन २ रचनेचा, आठ कोरचा.

सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर लागोपाठ येणारी चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, ३० हव्या असतील तर ३३.३. तेवढ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोघांनीही काम उरकायचं. ज्याला उशीर होईल त्याच्यासाठी फ्रेम थांबते. गर्दीच्या चौकात प्रत्येक पात्राने कुठे जायचं, कोणाला धडकायचं, काय बोलायचं हे सगळं प्रोसेसर ठरवतो. त्याला २४ मिलिसेकंद लागत असतील तर ग्राफिक्स चिप दुप्पट करा नाहीतर चौपट, फ्रेम एकेचाळीस-बेचाळीसच्या पुढे सरकणार नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मार्च २०२४मध्ये आलेला ड्रॅगन्स डॉग्मा २ हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. गावाबाहेर रानात ठीक, शहरात शिरलं की गडगडतो. पीसीवर तिथे रेझोल्यूशन कमी करूनही फारसा फरक पडत नव्हता. पात्रांचा बोजा प्रोसेसरवर पडतो हे खुद्द गेम बनवणाऱ्या कॅपकॉमनेच मान्य केलं होतं.

स्वतः तपासायचं असेल तर एकाच जागी उभं राहून आधी क्वालिटी मोड (चित्र सुबक, फ्रेम कमी) लावा, मग परफॉर्मन्स मोड (चित्र साधं, फ्रेम जास्त). फ्रेम वाढल्या तर अडथळा ग्राफिक्सचा, नाही वाढल्या तर प्रोसेसरचा.

सौम्यकडा

चाचणीच चुकीची आहे, तिथून सुरू करू. कन्सोलवर क्वालिटी मोडला बहुधा ३०चं कुलूप असतं. ग्राफिक्स चिपला ३१ मिलिसेकंद लागोत की २०, तुम्हाला ३०च दिसणार. मग परफॉर्मन्स मोडमध्ये ४५ आल्या म्हणजे अडथळा ग्राफिक्सचा होता, हा निष्कर्ष कसा काढणार? आधी ३०वर कोणी धरून ठेवलं होतं, चिपने की कुलपाने, हे कळतच नाही.

बरी पद्धत ही: कुलूप नसलेला मोड निवडा, गर्दीच्या जागी थांबा, पात्र न हलवता कॅमेरा सरळ आकाशाकडे वळवा. आकाश रंगवायला ग्राफिक्स चिपला जवळजवळ काहीच काम नसतं, पण मागची पात्रं प्रोसेसरमध्ये चालूच असतात. तरीही फ्रेम वर आल्या नाहीत तर दोष प्रोसेसरचा म्हणा. झटकन साठला लागल्या तर मात्र पक्कं काही सांगता येत नाही, कारण कमी वस्तू काढायच्या म्हणून प्रोसेसरचंही थोडं काम वाचलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही वाईटात वाईट जागा निवडून पूर्ण यंत्राला नापास करताय. साध्या पीएस५वर परफॉर्मन्स मोडमध्ये पुष्कळ गेम आतून १०८०पीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली चालतात आणि मग ताणून ४केवर दाखवले जातात. झाडांची पानं, केस, लांबची कुंपणं, सगळं चिखल. फायनल फँटसी ७ रीबर्थचा परफॉर्मन्स मोड यासाठी शिव्या खाऊन बसला होता. तोच गेम प्रोवर ६० फ्रेम राखून स्वच्छ दिसतो. आधी "सुबक की सुळसुळीत" असं एक निवडावं लागायचं, आता दोन्ही मिळतं. हा फरक मुक्त जग असलेल्या बहुसंख्य गेममध्ये लागू पडतो, तुमचं शहराचं उदाहरण मोजक्याच गेमना.

फ्रेममोज्या

चाचणीची दुरुस्ती मान्य. कुलपाचं माझ्या लक्षातच आलं नाही.

पण प्रोवर चित्र स्वच्छ करणारं पीएसएसआर, म्हणजे कमी रेझोल्यूशनचं चित्र ताणून तपशील भरणारं सोनीचं तंत्र, ही दुधाची तहान ताकावर भागवणं आहे. सुरुवातीला सायलेंट हिल २ आणि जेडाय सर्व्हायव्हरमध्ये याच पीएसएसआरने झुडपं आणि प्रतिबिंबं मुंग्या आल्यासारखी वळवळत होती. आतल्या चित्रात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबं काढण्याचे) ठिपके कमी असले की अल्गोरिदम त्या खडबडीतपणालाच तपशील समजतो आणि तोच धारदार करून दाखवतो. शिवाय प्रोच्या जाहिरातीत रे ट्रेसिंग पुढे केलं जातं, त्यातला एक हिस्सा परत प्रोसेसरवरच येतो: हलणाऱ्या वस्तूंची किरणांसाठीची झाडासारखी रचना प्रत्येक फ्रेमला अद्ययावत करावी लागते, आणि त्यातली बरीचशी जुळवाजुळव प्रोसेसरकडे येते.

कार्ट्रिजवाली

तुम्ही दोघं एकाच कंपनीच्या दोन डब्यांवर भांडताय. प्रोसेसर बदलला तर काय होतं याचं उदाहरण समोर आहे की! निन्टेन्डोचा जून २०२५चा स्विच २.

पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट जुन्या स्विचवर ३०सुद्धा धड राखत नव्हते, लांबची पात्रं तर चक्क अडखळत चालायची. स्विच २वर मोफत अपडेटनंतर तेच गेम ६०ने पळतात. गेम तोच, यंत्र वेगळं. म्हणजे धागाकर्त्यांच्या मताला आधारच मिळाला, फक्त दुसऱ्या दाराने.

तरी स्विच २ची आरती ओवाळणार नाही. कच्चे दुवे मोजूनच घ्या:

पडदा ७.९ इंची, १०८०पी, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा). कागदावर झकास. पण हा एलसीडी रंग बदलायला संथ आहे, त्यामुळे वेगाने सरकणाऱ्या दृश्यात मागे शेपूट उरतं. ओएलईडी स्विच वापरलेल्याला ते पहिल्या पाच मिनिटांत जाणवतं. व्हीआरआर (फ्रेम येतील तसा पडद्याचा वेग बदलणं) हातात धरून खेळताना चालतं, डॉकमधून (टीव्हीला जोडायच्या स्टँडमधून) टीव्हीवर नाही. बॅटरी निन्टेन्डोच्याच अंदाजाने २ ते साडेसहा तास, आणि जड गेमला यातला "२" खरा धरायचा.

साठवण २५६ जीबी. वाढवायची तर फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड. जुनं मायक्रोएसडी खाचेत बसतं म्हणून फसू नका, त्यावरून फोटो आणि व्हिडिओ उतरवता येतात, गेम ठेवता येत नाहीत. कार्डावर "ईएक्स" खूण बघूनच घ्या.

आणि गेम-की कार्ड. दिसायला कार्ट्रिज, आत गेमच नाही, नुसती किल्ली. पहिल्यांदा इंटरनेटवरून सगळा गेम उतरवायचा, आणि नंतरही खेळताना कार्ड घालूनच ठेवायचं. म्हणजे डिजिटलची जागा अडवण्याची खोड आणि कार्ट्रिजची काढघाल, दोन्ही तोटे एकाच डबीत. फायदा एकच, पुढे विकता येतं. सायबरपंक २०७७ मात्र अख्खा ६४ जीबीच्या कार्डावर आला, तेव्हा "शक्यच नव्हतं" हे कारण कोणी सांगू नये. डबीच्या पुढच्या बाजूला खाली पट्टी छापलेली असते, तेवढी वाचायची.

फ्रेममोज्या

कार्ट्रिजताई, पोकेमॉनचं उदाहरण माझ्या बाजूचंच. जुन्या स्विचमध्ये २०१५च्या जमान्यातल्या चिपचे चार कोर होते. ते बदलले आणि न पळणारा गेम पळायला लागला. प्रोमध्ये नेमकं हेच केलं नाही.

दहा_जीबी

प्रोसेसर प्रोसेसर काय लावलंय. एक्सबॉक्स सिरीज एस आणि सिरीज एक्स, दोन्हीत आठ झेन २ कोर, प्रोसेसरच्या वेगाचा (क्लॉक स्पीडचा) फरक किरकोळ. तरी बाल्डर्स गेट ३ कुठे अडकला? सिरीज एसवर. पीसीवर ऑगस्ट २०२३, पीएस५वर सप्टेंबर, एक्सबॉक्सवर डिसेंबर. कारण होतं दोघांनी पडदा वाटून खेळणं. एका पडद्यावर दोन खेळाडू नकाशाच्या दोन टोकांना गेले की दोन्ही जागा मेमरीत ठेवाव्या लागतात. सिरीज एसमध्ये एकूण १० जीबी, त्यातलेही ८च वेगवान, उरलेले २ रडतखडत चालणारे. शेवटी ती सोय वगळून गेम आणला गेला आणि ती मिळाली २०२५मध्ये.

चित्र कमी करता येतं, फ्रेम कमी करता येतात. मेमरी कमी पडली की गेमच्या रचनेलाच हात घालावा लागतो. म्हणून मी कन्सोल तोलताना आधी मेमरी बघतो.

सौम्यकडा

@दहा_जीबी, हे अर्धंच खरं. त्याच बाल्डर्स गेटमधला तिसऱ्या अंकातला शहराचा भाग पीएस५वर परफॉर्मन्स मोडमध्ये ६०वरून चांगलाच घसरतो. तिथे १६ जीबी आहेत. एकाच गेममध्ये एका यंत्राला मेमरी नडली, दुसऱ्याला प्रोसेसर. (हो, धागाकर्त्याला मी आयतं कोलीत देतोय याची कल्पना आहे.)

शेडरशत्रू

मग पीसी घ्या म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. पीसीवर तिसरंच दुखणं आहे. कन्सोलची चिप ठरलेली, म्हणून शेडर (पृष्ठभाग, प्रकाश, परिणाम रंगवणारे छोटे प्रोग्राम) आधीच तयार करून गेमसोबत देता येतात. पीसीवर ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरच्या असंख्य जोड्या, ते काम तुमच्या यंत्रावर व्हावं लागतं. गेमने ते खेळता खेळता केलं की नवा स्फोट, नवा शत्रू दिसताच पाव सेकंदाचा गचका. आधीच करून घेतलं तर लास्ट ऑफ अस पार्ट १च्या मार्च २०२३च्या पीसी आवृत्तीसारखं, मेन्यूवर बसून वाट बघा.

मेन्यूत "शेडर तयार होत आहेत" अशी पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्या, अर्ध्यात खेळ सुरू करू नका. ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा होतं, गेम बिघडला असं समजून फेरस्थापना करायची गरज नाही. आणि नवीन भागात शिरताना येणारा गचका वेगळा, तो साठवणीतून जग आत ओढताना येतो, त्यावर शेडरचा उपाय चालत नाही.

स्क्रूड्रायव्हर

वाद चालू द्या. "प्रोमध्ये २ टीबी आहे" हे कारण देऊन कोणी जुना पीएस५ विकत असेल तर थांबा. सुरुवातीच्या पीएस५मध्ये ८२५पैकी वापरायला सुमारे ६६७ जीबी मिळतात हे खरं, पण आत जादा एसएसडी ड्राइव्ह बसवायला एम.२ची खाच आहे.

काय घ्यायचं: पीसीआयई ४.० एनव्हीएमई, वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) अनिवार्य. हीटसिंकसकट एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, त्यातही पट्टीच्या वर ८ आणि खाली २.४५. पीसीसाठीचे पंखवाले गलेलठ्ठ हीटसिंक इथे बसत नाहीत. स्वतःची डीरॅम (तात्पुरती मेमरी) नसलेल्या काही ड्राइव्ह यजमान यंत्राची मेमरी उधार घेतात, ती सोय पीएस५ देत नाही, तेव्हा वेग पाकिटावरच्यापेक्षा कमी दिसू शकतो.

कसं: रेस्ट मोड नाही, पूर्ण बंद. वायरी काढून थंड होऊ द्या. कव्हर सरकवा, खाचेच्या झाकणाचा स्क्रू काढा. आत एक छोटा स्पेसर स्क्रूने बसवलेला असतो, तो काढून तुमच्या ड्राइव्हच्या लांबीच्या भोकात हलवा. बहुतेकांसाठी ते ८० आकड्याचं. ड्राइव्ह तिरकी धरून टोक पूर्ण आत ढकला, मग खाली दाबून स्क्रू लावा. नेमकी चूक इथेच होते: स्पेसर जुन्याच जागी राहतो, ड्राइव्ह कमानीसारखी वाकते आणि यंत्राला ती दिसतच नाही. चालू केल्यावर फॉरमॅट विचारेल, "हो" म्हणा. मग सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली नवे गेम कुठे बसवायचे ते बदला. सेव्ह फाइल मूळ साठवणीतच राहतात.

यूएसबी ड्राइव्हवर पीएस५चे गेम नुसते ठेवता येतात, तिथून चालत नाहीत. पीएस४चे चालतात.

सौम्यकडा

या धाग्यात ४० फ्रेमचा मोड कोणीच काढला नाही. रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्टमध्ये तो २०२१पासून आहे. वेळेच्या हिशेबात ४० म्हणजे २५ मिलिसेकंद, ३३.३ आणि १६.७च्या बरोब्बर मध्ये. ३०वरून १० फ्रेमच वाढल्या तरी निम्मा पल्ला गाठला जातो. १२० हर्ट्झचा पडदा लागतो, कारण तिथे एक फ्रेम मोजून तीनदा दाखवता येते. ६० हर्ट्झवर ४० बसत नाही. पीएस५वर व्हिडिओ आउटपुटमध्ये १२० हर्ट्झ "ऑटोमॅटिक" करा, टीव्हीवर त्या एचडीएमआय पोर्टचा वाढीव सिग्नल वेगळा चालू करावा लागतो. तो राहिला की गेममध्ये पर्यायच दिसत नाही आणि लोक गेमला दोष देतात.

फ्रेममोज्या, तुमच्या २४ मिलिसेकंदाच्या शहराला हा मोड पुरतो. साध्या पीएस५वरसुद्धा.

फ्रेममोज्या

प्रोसेसरच्या बाजूने पुरतो, मान्य. पण ३३.३वर कसंबसं रंगवणारी साधी चिप २५वर आणायची तर रेझोल्यूशन उतरवावं लागणार. तिथे प्रोची ६० युनिट्स कामाला येतील, तेवढं तुमच्या खात्यात. मात्र तो मोड स्टुडिओने दिला पाहिजे. ड्रॅगन्स डॉग्मा २ने कन्सोलवर नंतर दिलं काय, तर ३०चं कुलूप.