मायक्रोमोझाइक: काचेचे धागे एकसारखे का निघत नाहीत?

प्रश्न: रोमन पद्धतीचं, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांचे तुकडे शेजारी शेजारी रोवून चित्र बनवलेलं (मायक्रोमोझाइक) २५ मिमीचं पेंडंट करायचं आहे. बर्नरवर काचेची कांडी वितळवून ओढली की धागा मधे केसासारखा बारीक होतो, टोकांना जाड राहतो. शिवाय गोल निघतो, मला चौकोनी हवाय. तुकडे बसवायला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) चालेल का?

प्रतिसाद १: तुम्ही फार गरम असताना ओढताय. वितळलेल्या काचेचा गोळा ज्योतीबाहेर काढा, दोन-तीन सेकंद थांबा, वरची लकाकी किंचित उतरली की चिमट्याने सावकाश ओढायला लागा. जसजसं घट्ट होईल तसा वेग वाढवा. चौकोनासाठी ओढण्याआधीच गोळा सपाट पकडीने चारही बाजूंनी दाबा. धागा तोच आकार घेतो. सोडियमची पिवळी ज्योत झाकणारा डिडिमियम चष्मा हवाच.

प्रतिसाद २: इपॉक्सी चालतं, पण झटपट सुकणारं काही मिनिटांत घट्ट होतं आणि मग तुकडा हलवता येत नाही. १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून रोमचे कारागीर चुनखडीची भुकटी आणि जवसाच्या तेलाचा लगदा वापरत आले, तो कित्येक दिवस मऊ राहतो. पण थर २-३ मिमीच ठेवा, नाहीतर वर साय धरते आणि आत ओलं राहतं. मग घासताना तुकडे उखडतात.

प्रतिसाद ३: धाग्यावर कानशीने बारीक खाच पाडून ३-४ मिमीचे तुकडे मोडा आणि उभे रोवा. आधी कडेची रेघ, मग आतलं. पूर्ण सुकल्यावर पाणी घालूनच घासा: २२०, ४००, ६०० नंबरचा घासकागद, शेवटी सेरियम ऑक्साइड (काच चकाकवायची भुकटी). फटींत रंगीत मेण त्यानंतर.