‘पगार’चा अर्थ वहीत काय लिहू?

सांजवारा
माझा पाच वर्षांचा नातू पोर्तुगालमधल्या पोर्तोला असतो. फोनवर मराठी बोलता बोलता तो मध्येच पोर्तुगीजमध्ये शिरतो आणि मी गप्प होते. म्हणून दीड महिन्यापासून मोबाइलवरच्या एका फुकट अ‍ॅपवर पोर्तुगीज शिकते आहे. अ‍ॅपला मराठी येत नाही, इंग्रजीतून शिकावं लागतं; पण वहीत मी अर्थ मराठीतच लिहिते. परवा ‘एउ केरु पगार’ असं वाक्य आलं. मी ‘मला पगार हवा’ समजून उत्तर दिलं, ते चुकलं. खरा अर्थ ‘मला पैसे द्यायचेत’. त्यांच्याकडे पगार हे क्रियापद आहे!
आता अडचण अशी. आपण बिल भरतो, कर्ज फेडतो, उधारी चुकती करतो, भाजीवाल्याला पैसे देतो. त्यांचं ‘पगार’ या सगळ्याला चालतं. असं एकच मराठी क्रियापद आहे का?

कोशवाचक
‘चुकवणे’ सुचलं होतं, पण मराठीत कर चुकवणारा कर भरत नाही, बुडवतो. ‘चुकता करणे’ बरोबर आणि ‘चुकवणे’ नेमकं उलटं. ‘अदा करणे’ लिहा.

शुद्धमती
‘अदा’ अरबी-फारसीतून आलेला. एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दाने कशाला सांगायचा? मुंबईत ‘अधिदान व लेखा कार्यालय’ आहेच. अधिदान हा घडवलेला, नेमका शब्द आहे. आणि ताई, मुळात पगार तरी कशाला? वेतन म्हणा.

गिरगावकर
माझे वडील गिरणीत होते. दर महिन्याला पगार व्हायचा. ‘वेतन झालं’ असं चाळीत कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि नातवासमोर हॉटेलात बसून आजी ‘अधिदान करते’ म्हणणार का?

शुद्धमती
बोलायला नव्हे, वहीत लिहायला सुचवलं. नेमका शब्द लिहून ठेवला तर कधीतरी तोंडात येतो. ‘दिनांक’ असाच रुळला.

म्हापशेकार
आमच्या कोकणीत पगाराला ‘पाग’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘पागा’ हे मोबदल्याचं नाम आहे, त्यातून तो आला. म्हणजे आम्ही त्यांचं नाम घेतलं, तुम्ही क्रियापद घेतलं. आजोबांच्या तोंडी ‘पाग मेळ्ळो’ असंच असायचं.

कोशवाचक
हे फार मोलाचं सांगितलंत. क्रियापदाचं नाम होणं त्या भाषेला परकं नाही. ‘जांतार’ म्हणजे रात्री जेवणे, त्याआधी ‘उ’ लावला की ‘रात्रीचं जेवण’. आपणही ‘देणं’ क्रियापदासारखं वापरतो आणि ‘त्याचं माझ्याकडे देणं आहे’ असं नामासारखंही. माझा तर्क असा, की मजुरी वाटताना हा शब्द सारखा कानावर पडायचा. देणाऱ्याने क्रिया म्हणून उच्चारला, घेणाऱ्याने हातात पडलेल्या पैशांचं नाव म्हणून उचलला.

वसईचा
तर्क पटला. वसई 1534 ते 1739 त्यांच्याकडे होती, दोनशे वर्षांत असं कितीतरी उचललं गेलं. माझी आजी खिडकीला ‘जनेल’ म्हणायची. शाळेत मी तेच बोललो तर बाईंनी ‘हे मराठी नाही’ म्हणून खोडलं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. सांजवारा, तुमच्या अ‍ॅपवर खिडकीला काय म्हणतात?

सांजवारा
‘जनेला’! आणि किल्लीला ‘शावी’. आपलं चावी का मग?

कोशवाचक
कारण आपल्याकडे जुना उच्चार टिकला. सोळाव्या शतकात त्यांचाही ‘च’ होता, पुढे ‘श’ झाला. शेवटचा ‘ई’ मात्र ब्राझीलचा. पोर्तुगालमध्ये तो जवळजवळ गिळतात. म्हणजे तुमचं अ‍ॅप ब्राझीलचं पोर्तुगीज शिकवतंय. नातवाशी बोलताना जपा: ब्राझीलची बस ‘ओनिबुस’, पोर्तोची ‘औतोकाऱ्हु’.

सांजवारा
अरे देवा, म्हणूनच तो मला दुरुस्त करत होता! मला वाटलं लहान आहे, चुकत असेल.

रेवदंडा
अ‍ॅपपेक्षा इथे रायगड जिल्ह्यात कोर्लईला या. किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली आजही घरात बोलतात, ‘नौ लिंग’ म्हणजे आमची भाषा. 1740 मध्ये पोर्तुगीज गेले, बोली राहिली.

गिरगावकर
पेरूचं काय मग? त्यांच्याकडे ‘पेरू’ म्हणजे टर्की कोंबडा, असं ऐकलंय.

म्हापशेकार
बरोबर. फळाला ते ‘गोयाबा’ म्हणतात. आपला पेरू ‘पेरा’वरून, म्हणजे नासपतीवरून आला असावा.

शुद्धमती
दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशावरून आला, असं आमचे गुरुजी सांगत.

म्हापशेकार
गुरुजींचा मान राखून सांगतो, नुसतं नाव जुळलं म्हणून मूळ तेच असं होत नाही. आकार बघा, नासपतीसारखाच.

शुद्धमती
तुमचा पुरावाही आकाराचाच आहे की.

सांजवारा
सगळं वाचते आहे, वहीची चार पानं भरली. पण ‘पगार’पुढची जागा अजून कोरीच आहे. तूर्त ‘पैसे देणे’ लिहू का?

वसईचा
लिहा. पण ‘जनेल’ही लिहा, आणि पुढे कंसात ‘मराठी’ असं लिहा.